जिवाला घोर

नगर जिल्ह्याला पाहुण्यांचे दुर्भिक्ष कधीच नव्हते; दुर्भिक्ष असलेच तर ते पाण्याचे. शिर्डीला जाणारे, शनिशिंगणापुरात तेल वाहणारे, भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणारे, राळेगणसिद्धी नि हिवरेबाजार पाहून ‘आपल्याकडे असे का होत नाही’ म्हणत परतणारे, अशा नाना परींच्या मंडळींनी इथले रस्ते बारमाही वाहते असतात. गेल्या डिसेंबरात मी ज्या पाहुणीबरोबर हा जिल्हा हिंडले तिला मात्र यांपैकी काहीच पाहायचे नव्हते. ती माझी भाची. लंडनच्या एका विद्यापीठात ‘जागतिक मानसिक आरोग्य’ या विषयात एम.एस्सी. करते. नाताळच्या सुटीत घरी आली ती पुण्यात दोन दिवस टेकली नाही तोच म्हणाली, “मावशी, तुझी रजा शिल्लक आहे ना? मग मला नगर दाखव.”

तिचा विषय घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगताना तिची जी त्रेधा उडाली ती पाहण्यासारखी होती. “म्हणजे वेड्यांची डॉक्टर होणार का गं?” असे माझ्या आईने विचारले. “नाही आजी, डॉक्टर नाही.” “मग काय जगातले सगळे वेडे मोजणार?” भाची हसली आणि म्हणाली, “थोडेसे तसेच.” आजीचा नेम अगदीच चुकला नव्हता. 2007 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाने या प्रश्नावर एक लेखमाला छापली आणि तेव्हापासून या विषयाला विद्यापीठांतून स्वतंत्र बिऱ्हाड मिळाले. त्याचा गाभा म्हणजे एक विषम हिशेब आहे. दुखणे जगभर सारखेच पसरलेले, आणि ते बरे करणारे मात्र मोजक्या देशांत, त्यांतही मोजक्या शहरांत. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 साली बारा राज्यांत पाहणी केली (त्या बारांत महाराष्ट्र नव्हता). तीत प्रौढांपैकी शेकडा 10.6 जणांना त्या घडीला कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले. आणि नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या विकारांत शंभरांतल्या 85 जणांपर्यंत कसलाच उपचार पोचला नव्हता. मग या पंच्याऐंशींना विचारणार कोण, आणि विचारायचे कोणत्या शब्दांत? पहिला प्रश्न शास्त्राचा आहे. दुसरा माझ्या धंद्याचा. पोरीने मावशीला गाठले ते त्यासाठी. प्रश्नावल्यांच्या भाषांतरावर तिला प्रबंधिका लिहायची होती, आणि नऊ प्रश्नांच्या एका जगप्रसिद्ध प्रश्नावलीचे तिने स्वतः केलेले मराठी भाषांतर तिच्या वहीत होते.

पहिल्या दिवशी मी हट्टाने तिला नेवाशाला नेले. “तुझ्या विषयाचे मराठीतले पहिले क्रमिक पुस्तक तिथे तयार झाले,” असे सांगून. प्रवरेच्या काठी, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केले असे मानतात तो पैसाचा खांब पाहून आम्ही सावलीत बसलो. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. ग्रंथाचा पहिलाच अध्याय अर्जुनविषादयोगाचा. हात गळाले आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, धनुष्य हातात ठरत नाही, मन भोवंडते आहे, उभे राहवत नाही, अशी त्या वीराची अवस्था. भाचीने वही उघडून आपल्या प्रश्नांशी ती एकेक ताडून पाहिली आणि म्हणाली, “मावशी, याला निदान ‘मध्यम स्वरूपाचे’ तरी द्यावे लागेल.” बडव्यांनी ऐकले असते तर आमची धडगत नव्हती. मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सतरा अध्याय पुढे बोलणेच आहे. औषध नाही, गंडा नाही, दोरा नाही. एक जण बोलतो, दुसरा ऐकतो, मध्येच शंका काढतो, पुन्हा ऐकतो. आणि विषादाला तिथे ‘योग’ म्हटले आहे, ही त्या ग्रंथाची थोरवी की धिटाई हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मनमाड रस्ता धरला. राहुरी म्हटले की आपल्याला कृषी विद्यापीठ आठवते आणि ऊस आठवतो. पण 1936 साली याच राहुरीत मेहेरबाबांनी एक ‘वेड्यांचा आश्रम’ काढला होता, हे नगरच्या बाहेर फारसे कुणाच्या गावी नाही. भक्तमंडळी ठिकठिकाणांहून भ्रमिष्ट माणसे शोधून आणीत आणि बाबा त्यांना स्वतःच्या हाताने न्हाऊ घालीत, भरवीत. वर्षभरातच तो आश्रम तिथून हलला. बाबांच्या मते या माणसांत दोन जाती होत्या: एक, ज्यांच्या मेंदूत बिघाड झाला आहे ते साधे वेडे; आणि दुसरे ‘मस्त’, म्हणजे ईश्वरप्रेमाच्या कैफात देहभान हरपलेले. विल्यम डॉन्किन या इंग्रज डॉक्टराने या मस्तांचा सगळा लेखाजोखा ‘द वेफेअरर्स’ या जाडजूड ग्रंथात 1948 साली छापला. पाश्चात्त्य वैद्यकात शिकलेला एक माणूस नगर जिल्ह्यात येऊन वही-पेन्सिल घेऊन भ्रमिष्टांची वर्गवारी करतो आहे, हे चित्र भाचीला फार आवडले. “आमच्या शाखेचा मूळपुरुषच की हा!” म्हणाली. ही वर्गवारी मानावी की न मानावी हे ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडलेले बरे. मात्र मराठीला हा भेद नवा नाही. आपण ‘वेडा’ म्हणतो तेव्हा दार लावून घेतो आणि ‘विठ्ठलाचे वेड’ म्हणतो तेव्हा हात जोडतो. ‘पिसा’ शब्दाचीही तीच गत. ज्या भाषेत वेडाला शिवी आणि ओवी असे दोन्ही दरवाजे आहेत तिथे एखाद्याला नेमक्या कोणत्या दरवाजाने आत घ्यायचे, हा प्रश्न राहणारच.

राहुरीहून परतताना त्याच रस्त्यावर शिंगवे नाईक लागते. इथे डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याचे ‘माउली’ आहे. दोघे होमिओपॅथीचे डॉक्टर. रस्त्याकडेला घाणीतले अन्न खाणारी माणसे पाहून त्यांनी डबे पोचवायला सुरुवात केली, आणि त्यातून पुढे रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी घर उभे राहिले. आज अशा शेकडो जणी, आणि त्यांतल्या काहींची तिथेच जन्मलेली लेकरे, त्या घरात राहतात. याविषयी मी फार लिहिणार नाही. तो प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत घालण्याचा विषय नव्हे. एवढेच सांगते की, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या अशा माणसाला संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. पण बऱ्या झालेल्या बाईला घराने परत घ्यावे असे कलम कोणत्याही कायद्यात लिहिता येत नाही.

तिसऱ्या दिवशी जामखेड. भाची खरी आली होती ती इथे.

नगरहून जामखेड पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. भिंगार मागे पडले, डाव्या हाताला दूर डोंगरावर सलाबतखानाची कबर दिसली (लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, आणि लोकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो), चिचोंडी पाटील गेले, की रस्ता आपला जिल्हाच सोडतो. कडा, आष्टी ही गावे बीड जिल्ह्यातली. त्यांच्या पोटातून जाऊन मग पुन्हा नगर जिल्ह्यात पाऊल पडते. मुख्य ठाण्याला जायला दुसऱ्याचे अंगण ओलांडावे लागते, असा हा कोपऱ्यातला तालुका. 2024 पासून जिल्ह्याचे नाव कागदोपत्री अहिल्यानगर झाले. त्या अहिल्याबाईंचे जन्मगाव चोंडी याच तालुक्यात आहे. दोन्ही बाजूंना शाळूची ताटे डोक्यापर्यंत वाढलेली, कणसे नुकती दुधात आलेली, आणि वाऱ्याला हुरड्याचा वास.

जामखेडची ख्याती वेगळी आहे. वेल्लोरला डॉक्टर झालेले रजनीकांत आणि मेबल आरोळे हे जोडपे आधी नेवाशाजवळच्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथे त्यांच्या ध्यानात आले की दवाखान्यात येणारी बहुतेक दुखणी दवाखान्यात येण्याआधीच थांबवता येण्यासारखी आहेत. अमेरिकेत जॉन्स हॉप्किन्सला सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून 1970 साली ते जामखेडला आले. गावोगावच्या बायका, पुष्कळशा दलित, पुष्कळशा निरक्षर, त्यांनी निवडून घेतल्या आणि त्यांना आरोग्य सेविका केले. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय, लसी हे सारे या बायकांनी हातात घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 साली काढलेल्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आहे. 1979 साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 साली. त्यांच्या केंद्रात देशोदेशींचे विद्यार्थी शिकायला येत आले आहेत; पदव्युत्तर शिक्षण घेतलेली गोरी पोरे चौथी न शिकलेल्या बाईसमोर मांडी घालून बसतात, ही इथली जुनी रीत. मुक्ताबाई पोळ नावाच्या सेविका तर वॉशिंग्टनला जाऊन भाषण करून आल्या.

मनाच्या दुखण्याचा मागही इथे घेतला गेला आहे. मेलबर्नच्या संशोधकांनी जामखेडकरांच्या साथीने 2007 च्या सुमारास 240 गावकरी आणि 60 आरोग्य सेविका यांना दोन काल्पनिक माणसांच्या हकिकती ऐकवल्या, एक नैराश्याची आणि एक भ्रमाची, आणि विचारले: हे कशाने झाले असेल? उत्तरांत सर्वांत पुढे होत्या पैशाअडक्याच्या नि घरसंसाराच्या अडचणी. भाचीने हा निबंध लंडनच्या ग्रंथालयात वाचला होता आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने मोठे प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते. ते कशासाठी, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

मुक्काम आम्ही केंद्रात केला नाही. खर्ड्याच्या रस्त्यावरच्या एका गावात माझ्या जुन्या विद्यार्थिनीचे सासर आहे, तिथे उतरलो. दुपारी शेतात हुरड्याचा बेत झाला. गोवऱ्यांच्या आगट्याभोवती घरातल्या आणि शेजारच्या सात-आठ जणी जमल्या. गरम कणसे हातावर चोळली जात होती, शेंगदाण्याची चटणी नि गूळ फिरत होता. विद्यार्थिनीच्या सासूबाईंनी आपण होऊन विचारले, “पोरी, तू तिकडं शिकतीस तरी काय?” भाचीने संधी साधली. “आजी, मी प्रश्न वाचते, तुम्ही फक्त सांगा, समजतो का नाही. उत्तर देऊ नका.” आणि तिने पहिला प्रश्न वाचला: गेल्या दोन आठवड्यांत गोष्टी करण्यात तुम्हांला रस किंवा आनंद कमी वाटला का?

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. “गोष्टी तर आम्ही रोजच करतो की गं. बसलं का गोष्टीच.”

हशा पिकला. माझी पोटची विद्या फळाला आली असे मला वाटले, कारण हा घोटाळा मी आदल्या रात्रीच भाचीच्या वहीत खुणावला होता. पण त्यानंतर जे सुरू झाले ते माझ्या कोणत्याही कोशात नव्हते. मग तुम्ही काय म्हणता, असे विचारायचा अवकाश, बायकांनी शब्दांची रास घातली. जीव रमंना. अन्न गोड लागंना. मन थाऱ्यावर नाही. डोक्यात कालवाकालव होती. हातपाय गळून गेल्यावानी होतं. आणि एकदम तीन-चार जणी एकाच वेळी म्हणाल्या: जिवाला घोर लागलाय. भाचीच्या नऊ प्रश्नांतले पाच-सहा या शब्दांत केव्हाच बसून गेले होते. भूक, झोप, थकवा, उत्साह, लक्ष. ‘अन्न गोड लागंना’ या तीन शब्दांत तर दोन प्रश्न एकदम. ती भराभर लिहून घेत होती.

शहरात आपण आता ‘डिप्रेशन’ म्हणून मोकळे होतो. नैराश्य हा शब्द वर्तमानपत्रात, औदासीन्य पाठ्यपुस्तकात. पण ‘घोर’ यांतला एकही नव्हे. घोराला नेहमी विभक्ती लागते. लेकीचा घोर, पावसाचा घोर, सोसायटीच्या कर्जाचा घोर. एकीने ‘घोर’ म्हटले की दुसरी ताबडतोब विचारते: कशाचा? इंग्रजी प्रश्नावलीत नेमका हाच शब्द नाही. किती दिवस, किती वेळा, हे ती विचारते. कशाचा, हे विचारत नाही. मला वाटले, हे घ्या! त्या 240 गावकऱ्यांनी शास्त्रज्ञांना जे सांगितले ते आपल्या व्याकरणातच आहे. झिंबाब्वेतल्या शोना भाषेत अशा दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे फार विचार करणे, असे म्हणतात आणि डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली हरारेच्या म्बारे वस्तीत हाच शब्द धरून काम उभे केले. चौदा आज्या दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून माणसांचे ऐकून घेऊ लागल्या, आणि 2016 साली त्या कामाची रीतसर चाचणी होऊन ते गुणकारी असल्याचे छापून आले. आपल्या गोव्यात ‘संगत’ संस्थेनेही डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशक करून तसेच दाखवले. मग जामखेडच्या पारावर आणखी काय हवे? हे सारे मी भाचीला मोठ्या उत्साहाने ऐकवले. अध्यापकाला श्रोता मिळाला की तो थांबत नाही.

तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “आणि जिला ‘कशाचा’ सांगता येत नाही तिचे काय, मावशी?”

निबंधाच्या कडेचे प्रश्नचिन्ह हेच होते. घोराला कारण लागते, ही आपली ताकद खरी. पण कारण नसलेल्या घोराला आपल्याकडे जागाच नाही. नवरा चांगला, सासू चांगली, विहिरीला पाणी, गोठ्यात दोन म्हशी. मग हिला काय धाड भरली? ही म्हणायची पद्धत आपण शहरातही चांगली ओळखतो. अशी बाई मग गप्पच बसते, किंवा देवाच्या दारात तिच्या अंगात येते, कारण तिथे तरी कारण आयते मिळते.

हे बोलणे आम्ही बांधावर उभ्या राहून करत होतो, आणि आगट्यापाशी एक जण अशी होती की जी सबंध दुपारभर एक शब्द बोलली नव्हती. शेजारच्या घरची सून, विशी-बाविशीची. कणसे चोळून दुसऱ्यांना देत होती, स्वतः खात नव्हती. कुणीतरी सहज म्हटले, “हिला कसला घोर? पयलाच ल्योक झालाय!” ती कसनुशी हसली. तेव्हा त्या घोळक्यातल्या सर्वांत वयस्क बाई, गावातली निम्मी पोरे जिच्या हातावर जन्मली त्या सुईणबाई, हातातला हुरडा खाली ठेवून म्हणाल्या:

“तिला कशाचा म्हणून इचारू नगा. कवापास्नं म्हणून इचारा.”

आणि त्यांनीच विचारले. मुलगी बराच वेळ आगट्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, बाळ झाल्यापासून. तीन महिने झाले. बाळ रडले तरी उठावेसे वाटत नाही, आणि नाही उठले तर आपण कसली आई, असे वाटते. रात्री सगळे निजले तरी डोळा लागत नाही. एवढे बोलून ती उठायला लागली. सुईणबाईंनी तिचा हात धरून खाली बसवले.

भाचीच्या वहीतला नववा प्रश्न मरणाचा आहे. तो कसा विचारायचा यावर आम्ही दोघींनी आदली अर्धी रात्र घालवली होती, कारण मराठीत आपण मरणाचे नावही घेत नाही, ‘बरंवाईट’ म्हणतो. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे आता सर्वमान्य झाले आहे. पण विचारणाऱ्याच्या जिभेला ते पटावे लागते. सुईणबाईंनी तो प्रश्न कधी वाचला नव्हता. त्यांनी सरळ विचारले, “जीव नकोसा व्हतो का गं, बाय?” मुलगी म्हणाली, कधी कधी.

त्यानंतर कुणी हसले नाही आणि कुणी उपदेशही केला नाही. भाचीने वही मिटून ठेवली होती. बाळंतपणानंतर असे पुष्कळ जणींना होते, त्याला उपचार आहे, आणि त्यात तुझा किंवा बाळाचा दोष नाही, हे तिने तिच्या शहरी मराठीत सांगितले. आणि कुणी म्हणजे कुणी जवळ नसेल अशा वेळी फोनवर बोलता यावे म्हणून 14416 हा क्रमांक लिहून दिला. हा ‘टेलिमानस’चा क्रमांक, केंद्र सरकारने 2022 साली सुरू केला, पैसे पडत नाहीत, मराठीतूनही बोलता येते. मुलीच्या सासूला मात्र राग आला होता. सुनेचा नव्हे, आपल्याला कळले नाही याचा. “माझ्या म्होरं रोज बसती, मला न्हाई सांगितलं,” असे त्या दोनदा म्हणाल्या. सुईणबाईंनी त्यांना उत्तर दिले नाही. आगट्यावर पाणी मारले आणि म्हणाल्या, “उद्या तालुक्याला बाजार हाये. डाक्टरकडं घिऊन जा. म्या येते संगं.”

परतीच्या एस.टी.त भाचीने वहीची चार पाने खोडली. ‘रस किंवा आनंद’ गेले, तिथे ‘जीव रमत नाही’ आले. घोर ठेवावा की नाही, यावर कड्यापर्यंत आमचा वाद चालला. मी म्हणत होते, ठेव. तो शब्द बायकांना बोलता करतो. ती म्हणत होती, तो निम्म्या जणींना बोलते करतो आणि निम्म्या जणींना गप्प करतो, आणि मला शोधायच्या आहेत त्या गप्प बसलेल्या. शेवटी तिने प्रश्न लिहिला तो असा: जिवाला घोर वाटतो का, कारण असो वा नसो, आणि असल्यास कधीपासून? मी म्हटले, ‘कवापास्नं’ लिही. ती म्हणाली, विद्यापीठाला चालणार नाही.

संक्रांतीच्या सुमारास माझ्या विद्यार्थिनीचा फोन आला. मुलीला औषध सुरू झाले आहे. रात्री बाळाला सासू घेते आणि ती झोपते. फरक पडला का, असे मी विचारले. “थोडा,” ती म्हणाली. “परवा तिनं भाकरी मागून घेतली.” सुईणबाई मात्र दर दोन दिवसांनी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात, फारसे काही बोलत नाहीत, आणि दिवेलागणीला उठून जातात.